मशीन हळू, काम लवकर

मैत्रिणींनो,

एरवी या सदरात मी तीन-चार पत्रांना उत्तरं देते. हळदीचा डाग कसा काढावा, बाही खांद्याशी का चढते, रेशमी साड्या पावसाळ्यात कशा ठेवाव्यात, असं सगळं. या खेपेला मात्र एकच पत्र घेतलं आहे. बार्शीकडच्या एका भगिनीचं. त्यांच्यासारख्या पुष्कळजणी आता घराघरांतून मशीनवर भरतकाम करून चार पैसे मिळवू लागल्या आहेत, तेव्हा हे पत्र एकीचं असलं तरी उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

त्या लिहितात :

"ताई, स. न. दीड वर्षापूर्वी बचत गटाकडून कर्ज घेऊन मी भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं. ब्लाऊजच्या पाठी आणि बाह्या भरून देते. मशीनवर मिनिटाला ८५० टाके असं लिहिलंय, म्हणून मी पहिल्या दिवसापासून ८५० वरच चालवते. घरचं सगळं आवरून मला रोज साडेपाच तास मिळतात. तेवढ्यात तीन पाठींच्या वर काम होत नाही. धागा सारखा तुटतो. मागच्या आठवड्यात एका बाईंच्या सिल्कच्या पिसाला सुईनं भोक पाडलं, कापड मला भरून द्यावं लागलं. आता वैशाखातल्या एका लग्नासाठी ४० ब्लाऊजचं काम चालून आलंय, मुदत तीन आठवडे. हे म्हणतात, याहून जोरात चालणारं मोठं मशीन घेऊ, अजून कर्ज काढू. सासूबाई म्हणतात, आहे तेच विकून टाक आणि मोकळी हो. मला तर रात्र रात्र झोप नाही. ताई, वेग कसा वाढवू ते सांगा."

पत्र वाचलं आणि आधी मला माझीच एक फजिती आठवली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नणंदेच्या डोहाळजेवणासाठी मी पायमशीनवर साडीच्या पदराला वेलबुट्टी भरायला घेतली. समारंभ दुसऱ्या दिवशी, रात्रीचे अकरा वाजलेले. म्हटलं, जोरात मारू पाय आणि उरकू. सुई बोथट झालेली, ती बदलायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं वाचवली आणि पदराचे धागे असे ओढले गेले की पहाटे चारपर्यंत उसवत बसले. नणंद बिचारी काही बोलली नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. घाई केली की काम लवकर संपतं, हा आपला समज आहे.

अंकाची वाट पाहण्याइतकी सवड या भगिनीला नव्हती, म्हणून मी त्यांना पोस्टानंच उत्तर पाठवलं. त्यात उपाय एकही लिहिला नाही. एवढंच लिहिलं, की घड्याळ आणि वही घेऊन मशीनशी बसा, आणि एका पाठीला लागणारा वेळ कशात कशात जातो ते मिनिटांत टिपून मला कळवा. दुधाचा हिशेब ठेवतो तसा.

वहीनं काय सांगितलं

आठ दिवसांनी वहीचं पान आलं. नक्षी १८,००० टाक्यांची, रंग बदलून आठ टप्पे. एका पाठीला एकूण वेळ ११० मिनिटं. ती अशी :

खुणा करून कापड फ्रेममध्ये बसवणं : २० मिनिटं.
सुई प्रत्यक्ष चालली : २७ मिनिटं.
सात वेळा रंग बदलला : १४ मिनिटं.
नऊ वेळा धागा तुटला, तो ओवून पुन्हा सुरू केलं : ३१ मिनिटं.
बॉबिन मध्येच संपली : ६ मिनिटं.
शेवटी धागे कापणं, मागचा कागद काढणं : १२ मिनिटं.

आता हे पान तुम्हीच वाचा. ११० मिनिटांत सुई चालली फक्त २७ मिनिटं. उरलेली ८३ मिनिटं मशीन उभंच होतं! समजा कर्ज काढून दुप्पट वेगाचं मशीन घेतलं, तर वाचतील त्या २७ च्या निम्म्या, म्हणजे साडेतेरा मिनिटं. ११० ची जेमतेम ९६ होतील. साडेपाच तासांत तरीही पाठी तीनच. चौथी काही होत नाही. म्हणजे दुसरं कर्ज डोक्यावर, आणि काम आहे तेवढंच.

आणखी एक मौज पाहा. ८५० च्या हिशेबानं १८,००० टाके एकवीस मिनिटांत व्हायला हवे होते, लागली सत्तावीस. याचं कारण, मशीन सगळा वेळ त्या आकड्यानं चालतच नाही. सुरुवातीला ते हळू चालतं, धागा कापताना थांबतं, आणि टाका लांब असला की फ्रेमला दूर सरकावं लागतं म्हणून आपोआप वेग कमी करतं. मशीनवर लिहिलेला आकडा हा जास्तीत जास्त वेग असतो. मोटारीच्या काट्यावर १६० लिहिलेलं असतं, म्हणून आपण बार्शी ते सोलापूर १६० नं जात नाही, तसंच हे.

यंत्राच्या भरतकामाचा इतिहासही हेच सांगतो. १८२८ साली फ्रान्समधल्या म्यूलूझ गावी जोशुआ हाइलमान यांनी भरतकामाचं पहिलं यंत्र बनवलं. ते हातानं चालायचं, पण एका माणसाच्या हाताखाली पुष्कळ सुया एकदम चालत. त्यात खोट एकच. प्रत्येक सुईत धाग्याचा एक तुकडा असायचा, तो संपला की सगळ्या सुया पुन्हा ओवा. पुढे १८६३ साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिवणाच्या मशीनसारखा वरून अखंड धागा आणि खालून शटल अशी योजना केली, आणि ते ओवण्यासाठी थांबणं वाचलं. म्हणजे शोध लावणाऱ्यांनीही सुई नुसती जोरात पळवली नाही, थांबणं कमी केलं. आपल्यालाही घरात तेच करायचं आहे.

पहिला उपाय : वेग कमी करा

हसू नका. ८५० वरून काटा ६०० वर आणा. जरीसाठी ४०० ते ४५०. सुईत जाणारा धागा एका फटक्यात कापडात जाऊन बसत नाही. टाका पक्का होण्याआधी तोच धागा सुईच्या नेढ्यातून कित्येकदा वर-खाली घासला जातो. वेग वाढला की घासणं वाढतं, सुई तापते, रेयॉनचा धागा पिंजतो आणि जरीचा पत्रा सोलून निघतो.

१८,००० टाक्यांना ८५० ऐवजी ६०० चा वेग ठेवला तर कागदावर नऊ मिनिटं जास्त लागतात. पण एकदा धागा तुटला की साडेतीन मिनिटं जातात, हे वहीच सांगते. तीन वेळा तुटणं वाचलं की ती नऊ मिनिटं परत मिळाली. पुढचं सगळं नफ्यात.

मग आपल्या मशीनचा योग्य वेग कोणता? तो शोधायचा. चिंधीवर तीच नक्षी, तोच धागा, खाली तोच कागद लावून ६०० वर चालवा. धागा तुटला नाही तर ५० नं वाढवा. जिथं तुटायला लागेल तिथून शंभर खाली या. हा तुमचा वेग. सुतीचा वेगळा, सिल्कचा वेगळा, जरीचा वेगळा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुई : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

भरतकामाला भरतकामाचीच सुई घ्यावी. तिचं नेढं साध्या सुईपेक्षा मोठं असतं. नेहमीच्या कामाला ११ नंबर, म्हणजे पाकिटावर ७५/११ लिहिलेली. जरीला १४ नंबरची, लांबट नेढ्याची. सुई पार वरपर्यंत ढकलून बसवा. घरगुती मशीनमध्ये सुईची सपाट बाजू मागे येते. अर्धा दोरा खाली राहिली तरी टाके सुटतात.

आता ती बदलायची कधी? "मोडल्यावर," असं आपल्यापैकी निम्म्याजणी म्हणतील. चालू मशीनचे आठ तास झाले की सुई बदलावी, असा साधारण नियम आहे. ६०० च्या वेगानं आठ तासांत दोन लाख ८८ हजार टाके होतात, म्हणजे १८,००० टाक्यांच्या सोळा पाठी. पंधरा पाठी झाल्या की बदला, हे लक्षात ठेवायला सोपं. आणि सिल्कचं भारी काम असलं तर नव्या सुईनंच सुरुवात करा. सुईचं टोक जुन्या नायलॉनच्या कापडावरून हलकेच ओढून पाहा. तंतू अडकला तर ती सुई गेली. बार्शीच्या भगिनींच्या पिसाला भोक पडलं ते मला वाटतं अशाच सुईनं. त्यांनी कळवलं की सुई दिवाळीत बदलली होती!

धागा आणि तो ओवण्याची रीत

वरचा धागा ४० नंबरचा पॉलिस्टर किंवा रेयॉन. रेयॉनला चकाकी सुरेख, पण ताकद पॉलिस्टरला जास्त. रोजच्या कामाला पॉलिस्टर बरा. रिळं खिडकीत, उन्हात मांडून ठेवू नका. दिसायला छान दिसतात, पण ऊन आणि कोरडी हवा लागून धागा ठिसूळ होतो. डब्यात झाकून ठेवा.

ओवताना सुईजवळचा दाबाचा पाय नेहमी वर उचललेला असावा. तो वर असला म्हणजेच ताणाच्या चकत्या उघडतात आणि धागा त्यांच्यामध्ये नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवला, तर धागा चकत्यांच्या वरच राहतो आणि खाली गुंता होतो. आपण मात्र ताणाचा आकडा फिरवत बसतो. धागा बिघडला की आधी पहिल्यापासून ओवा, आकड्याला हात नंतर लावा.

रंग बदलताना जुना धागा रिळाकडे मागे ओढू नये. त्याचा पिसारा चकत्यांत अडकतो. रिळाशी कात्रीनं कापा आणि सुईच्या बाजूनं पुढे ओढून काढा. त्याहून झटपट रीत अशी. जुना धागा रिळाशी कापला की त्याच्या टोकाला नव्या रंगाचं टोक गाठ मारून बांधा, पाय वर उचला आणि सुईकडून हळू ओढा. नवा धागा आपोआप सगळ्या वाटेनं येतो. गाठ नेढ्याशी आली की कापा आणि सुई ओवा. दोन मिनिटांचं काम एका मिनिटात होतं.

जरीच्या धाग्याला पीळ पडायची खोड असते. त्याचं रीळ मशीनपासून हातभर लांब, स्टँडवर ठेवा. तेवढ्या अंतरात पीळ सुटतो.

बॉबिन

खाली शिवणाचा जाड दोरा घालू नका. बॉबिनचा बारीक धागा वेगळा मिळतो, ६० किंवा ९० नंबरचा. तो जास्त वेळ पुरतो आणि भरलेली नक्षी कडक होत नाही. सकाळी चहा झाला की पाच-सहा बॉबिना एकदम, सारख्या भरून ठेवा. मोठी नक्षी सुरू करताना अर्धवट बॉबिन घालायची नाही. ती उरलेली चिंध्यांवरच्या चाचणीला.

ताण बरोबर आहे की नाही, ते कापड उलटं करून कळतं. भरीव पट्टीच्या मागच्या बाजूला तीन भाग दिसले पाहिजेत. कडेला वरचा रंग, मधोमध बॉबिनचा पांढरा, पुन्हा कडेला रंग. पांढरा धागा सुलट बाजूला डोकावत असेल, तर वरचा ताण जास्त झाला. एकेक आकडा कमी करत पाहा.

झाडलोट

रोज काम उरकलं की वीज बंद करून, पिन काढून, सुईखालची प्लेट उघडा आणि ब्रशनं पिसारा काढा. तोंडानं फुंकू नका, वाफेनं आत ओल धरते आणि धूळ आणखी खोल जाते. तेलाचं मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात पाहा. काही मशीनना शटलपाशी एक थेंब लागतो, काहींना आपण तेल घालायचंच नसतं. आणि घालायचं ते मशीनचंच पातळ तेल. खोबरेल तेल घातल्याची दोन पत्रं माझ्याकडे आली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. ते थंडीत थिजतं आणि मशीन जाम होतं.

टेबल डगमगत असेल तर चारही पायांना बूड बसवून घ्या. हलत्या टेबलावर वेगानं चालणारं मशीन नक्षीची रेघ सरकवतं.

फ्रेम : खरा वेळ इथं वाचतो

कापड फ्रेममध्ये ताणून बसवावं, पण ओढून नव्हे. उभे-आडवे धागे सरळ दिसले पाहिजेत. तिरपं ओढलं तर फ्रेम काढल्यावर कापड पूर्ववत होतं आणि नक्षीला चुण्या पडतात. खाली आधाराचा कागद हवाच. सुतीला फाडून काढायचा चालतो, ताणणाऱ्या कापडाला कापून काढायचा जाड. जाळीला पाण्यात विरघळणारा. वर्तमानपत्राचा कागद लावून काटकसर करू नका, शाईचे डाग पडतात आणि सुई बोथट होते.

ब्लाऊज आधी कापू नये. पिसावर खडूनं पाठीचा, बाहीचा आकार आखावा, मध्यावर अधिकचं चिन्ह करावं, भरून घ्यावं आणि मगच कापावं. जाड पुठ्ठ्याचा साचा करून त्यावर मध्यबिंदूला भोक पाडून ठेवलंत, तर प्रत्येक पिसावर खूण करायला अर्धं मिनिट पुरतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. दुसरी फ्रेम घ्या. एक मशीनवर चालू असताना दुसरीत पुढचं कापड बसवून ठेवायचं. एक घाण निघेपर्यंत दुसऱ्या चकल्या पाडून ठेवतो, तसंच. धागे कापणं, मागचा कागद काढणं हीही कामं पुढची पाठ चालू असताना करायची. एवढ्यानं मशीनचं उभं राहणं पाव तासानं तरी कमी होतं. नव्या मशीनच्या मानानं फ्रेमची किंमत ती किती!

नक्षी आणि रंगांची रांग

नक्षी घेताना फक्त चित्र पाहू नका, रंगांचे टप्पे पाहा. हिरवा दोनदा, जरी दोनदा असं येत असेल तर ते एकत्र करता येतात का, ते नक्षी करून देणाऱ्याला विचारा. पुष्कळ मशीनमध्येही ती सोय असते. मात्र जिथं एका रंगावर दुसरा चढतो तिथं क्रम मोडू नये, पाकळीच्या खाली केसर जाईल! फ्रेममध्ये दोन्ही बाह्या मावत असतील तर एकदमच भराव्या, रंग दोनदा बदलावे लागत नाहीत. रिळं क्रमानं मांडून ठेवा, पूजेची तयारी करतो तशी. ऐनवेळी डबा धुंडाळायला नको.

मोठी नक्षी मशीनवरच लहान करण्याचा मोह टाळा. पुष्कळदा टाके तेवढेच राहतात आणि जागा कमी होते. मग टाक्यावर टाका बसतो, धागा तुटतो, सुई मोडते. साधारण ४० नंबरच्या धाग्याला दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर हवं. नक्षी करून देणाऱ्याला हा आकडा सांगा, आणि मधल्या उड्या कमी ठेवायला सांगा. प्रत्येक उडीला मशीन थांबतं, धागा कापतं, पुन्हा सुरू होतं.

मशीनजवळ कोण?

एक अवघड गोष्ट सांगते, रागावू नका. बार्शीच्या भगिनींच्या वहीत धागा तुटण्याची जी ३१ मिनिटं गेली, त्यातली निम्मी तरी ओवण्यात गेलेली नाहीत. मशीन थांबून वाजत राहिलं आणि बाई तव्याशी होत्या. आपल्यापैकी कुणाला हे चुकलं आहे? त्यावर एवढंच करता येतं. ज्या टप्प्यात हजारो टाके एकाच रंगाचे आहेत, त्या वेळी शेजारचं किरकोळ काम घ्यावं, शेंगा सोलणं, भाजी निवडणं. भाकऱ्या मात्र मशीन सुरू करण्याआधी किंवा बंद केल्यावर. आणि मशीन चालू ठेवून घराबाहेर तर मुळीच जाऊ नये. लहान मुलांची बोटं, आपला पदर, मोकळे केस यांना त्या सुईपासून जपायला हवं.

वीज गेली तर? काही मशीनना पुढचं आठवतं, काहींना नाही. पडद्यावर टाक्याचा आकडा दिसतो, तो प्रत्येक रंगाच्या सुरुवातीला वहीत टिपा. पुन्हा तिथूनच लावता येतं.

पायमशीनवाल्यांनो, रुसू नका

कॉम्प्युटरवालं घरगुती मशीन १९९० च्या सुमारास जगात आलं, त्याआधी सगळं भरतकाम आपण पायानंच केलं, आणि आजही पुष्कळजणी करतात. त्यांना मुख्य गोष्टी याच. नवी सुई, बारीक धागा, ताठ रिंग. दात खाली करा, दाबाचा पाय काढा, पण भरायला लागण्याआधी त्याची दांडी खाली करायला विसरू नका, नाहीतर वरच्या धाग्याला ताणच राहत नाही. आणि पायाचा ठेका हाताशी जुळवा. पाय जोरात आणि हात हळू झाला तर टाके एकाच जागी साचतात. हात जोरात आणि पाय हळू झाला तर लांब लांब पडतात, सुई वाकते. ठेका संथ असला तरी चालेल, तो सारखा हवा.

मग बार्शीचं काय झालं?

गेल्या आठवड्यात त्यांचं तिसरं पत्र आलं. वेग ६०० केला, जरीला ४५०. सुई बदलली, दुसरी फ्रेम आणली, आठ टप्प्यांचे सहा करून घेतले. वहीचं नवं पान असं : फ्रेम बदलणं ६ मिनिटं, सुई चालली ३३, रंग पाच वेळा ५, धागा एकदाच तुटला ३, राहिलेलं किरकोळ ५. एकूण ५२ मिनिटं. सुई सहा मिनिटं जास्त चालली आणि पाठ अठ्ठावन्न मिनिटं आधी झाली. साडेपाच तासांत तीनाच्या सहा पाठी.

आता ४० ब्लाऊजचा हिशेब. बाह्यांच्या जोडीला पाठीइतकाच वेळ धरला, तर एका ब्लाऊजला पावणेदोन तास. दिवसाला तीन. ४० ला चौदा दिवस. पूर्वीच्या गतीनं सत्तावीस दिवस लागले असते, आणि मुदत होती एकवीस दिवसांची! मी त्यांना कळवलं, की हो म्हणा. पण मधले सात दिवस दुसऱ्या कुणाला देऊ नका. वीज जाईल, पाहुणे येतील, मुलगा तापानं फणफणेल. ते दिवस त्यासाठी राखून ठेवा. प्रत्येक प्रकारच्या कापडाचा वीतभर जास्तीचा तुकडा गिऱ्हाइकाकडून मागून घ्या, चाचणी त्यावर करा. आणि पहिलं ब्लाऊज भरून झालं की गिऱ्हाइकाला दाखवा, मगच पुढची हातात घ्या.

मोठ्या मशीनचं काय, असं त्यांच्या यजमानांनी विचारलंय. त्यांनाही उत्तर देते. बहुसुई मशीन वाईट नाही, त्यात रंग बदलायला उठावं लागत नाही. पण ते केव्हा घ्यावं? वहीत पाहा. कामाच्या तासांतला पाऊण हिस्सा सुई खरोखर चालती असेल, तरीही काम परत पाठवावं लागत असेल, आणि असं दोन-तीन महिने सलग झालं असेल, तेव्हा. तोवर पहिल्या कर्जाचे हप्ते फेडावेत. मशीन उभं असताना दुसरं मशीन घेणं म्हणजे एक चूल विझलेली असताना दुसरी मांडण्यासारखं आहे.

आणि सासूबाई? पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत : "दुसऱ्या फ्रेममध्ये कापड सासूबाई बसवून देतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. मशीन विकण्याचं आता त्या बोलत नाहीत."

याहून जास्त मी काय लिहू?

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री एक वही घ्या आणि उद्याच्या पहिल्या कामाला घड्याळ लावा. मशीन कितीदा आणि कशासाठी उभं राहतं ते टिपा. ते पान मला पाठवलंत तर आनंदानं वाचीन.

पुढच्या आठवड्यात काजं आणि बटणं. पातळ कापडावर काज विरतं त्यावर काय करावं, असं सात-आठ जणींनी विचारलं आहे, त्याचं उत्तर.